वंगणाला घाण्याचं तेल चालतं का? (जिनिंगमधला एक फसलेला प्रयोग)

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये मी मेंटेनन्स बघतो. गावाचं नाव राहू द्या, मालकही इथे वाचत असतात.

जिन मशिनखालून सरकी वाहून नेणारा आमचा स्क्रू कन्व्हेयर आहे, त्याची चेन उघडी. दिवसातून दोनदा डब्यातून ऑइलची धार सोडायची, ही बापजाद्यांपासूनची पद्धत. धार सोडली की निम्मं ऑइल चेनवर आणि निम्मं खाली सरकीवर. ती सरकी जाते तेल गिरणीत, आणि तिची ढेप येते म्हशीपुढे. मागच्या वर्षी घरी ढेप भिजवताना पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला. तो आमच्याच चेनचा असं म्हणत नाही, पण त्या दिवसापासून डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग दिवाळीनंतर सीझन सुरू झाल्यावर एका चेनला सरकीचंच वॉश तेल (धुऊन साफ केलेलं) घातलं. सरकीवर सरकीचंच तेल सांडलं तर कोणाचं काय गेलं, असा सरळ हिशोब.

पहिले आठ दिवस झकास. आवाज कमी, चेन चकचकीत. तिसऱ्या आठवड्यात चेनवर तपकिरी थर धरला. नखाने निघेना, रॉकेलने निघेना. चेन उतरवून एका टोकाला धरली तर खाली लोंबायच्या ऐवजी वाळलेल्या पडवळासारखी वाकडी ताठ राहिली. रात्रभर डिझेलमध्ये बुडवली तेव्हा कुठे कड्या मोकळ्या झाल्या. पितळी बुशांना (दांडा ज्यात फिरतो त्या नळकांड्यांना) हिरवा कळंक चढला तो वेगळाच. मालक काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

तर प्रश्न असा: वनस्पती तेलाचं वंगण हे नुसतं कागदावरचं पर्यावरण आहे, की माझंच काही चुकलं?

गॅरेजवाला_भुसावळ

भजी तळायचं तेल चेनला घातलंत, आता चेनमध्ये मिरच्या तळा. 😄

गंमत सोडा, पण कंपनीने ज्या ग्रेडचं ऑइल सांगितलंय तेच घालावं. आमच्याकडे एक जण ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये सोयाबीन तेल टाकून आला होता. ट्रॉली उचलायची बंद झाली होती.

मास्तर_अमळनेर

गिरणाकाठ, तुमची चेन बिघडली नाही, तिला रंग लागला!

जवसाचं तेल लाकडाला लावलं की चार दिवसांत वाळून कडक थर होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जखडले जातात. ज्या गुणासाठी रंगारी जवस घेतो तोच गुण वंगणात शत्रू. सरकीचं तेल जवसाएवढं वाळत नाही, पण जात त्याच वाटेने.

कारण स्निग्धाम्लांतले, म्हणजे तेलाच्या रेणूतल्या कार्बनच्या लांब साखळ्यांतले, दुहेरी बंध. ह्या साखळ्यांचे प्रकार तीन धरा: ओलिकमध्ये एक, लिनोलिकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. ओलिकचा ऑक्सिजन घेण्याचा वेग १ धरला तर लिनोलिकचा ढोबळमानाने १० आणि लिनोलेनिकचा २० ते २५. म्हणजे बंध दुप्पट तर वेग दुप्पट, असा त्रैराशिकाचा हिशोब इथे चालत नाही. दोन बंधांच्या मधोमध जो कार्बन सापडतो त्याच्यावरचा हायड्रोजन फार सैल असतो, आणि कीड तिथून लागते. सरकीच्या तेलात लिनोलिक निम्म्याहून जास्त. त्यात तुमची चेन लोखंडाची आणि बुश पितळी, म्हणजे तांबं आलंच. लोखंड आणि तांबं दोन्ही ही क्रिया पळवतात. आपल्या खानदेशी उन्हाळ्यात तर विचारूच नका. दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट होतो.

अवांतर, पण आमच्या गावाच्या अभिमानाचं: १९४५ च्या डिसेंबरात अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. संगणक फार नंतर आले, आधी तिथे वनस्पती तूप व्हायचं. वनस्पती तूप म्हणजे तेलात निकेलच्या साथीने हायड्रोजन सोडून दुहेरी बंध मोडायचे. बंध मोडले की तेल खवट होत नाही, टिकतं. पण थिजतं! वंगणवाल्यांची सगळी ओढाताण ह्या एका वाक्यात आली: टिकाऊ करायला जावं तर गोठतं, पातळ ठेवावं तर डिंक होतो.

घाण्याचा_बैल

मास्तरांशी सहमत. माझी चोपड्याकडे तेल गिरणी आहे, म्हणून दोन व्यापारी गोष्टी.

१. तुम्हाला ‘वॉश’ म्हणून मिळालेलं तेल खरंच वॉश होतं का? कच्च्या सरकी तेलाचा रंग काळपट लाल असतो. त्यात गम (चिकट गाळ) असतो आणि फ्री फॅटी ॲसिड, म्हणजे मोकळं स्निग्धाम्ल असतं. कॉस्टिक मारून सोपस्टॉक (साबणाचा गाळ) खाली बसवला की वॉश तेल होतं. अर्धवट धुतलेलं तेल देणारेही आहेत. ॲसिड व्हॅल्यू (तेल किती आंबट त्याचं माप) काढायला गिरणीच्या लॅबमध्ये दहा मिनिटं लागतात. पितळेवर कळंक चढला म्हणजे तेल आंबट होतं, नाहीतर चेनवर बसून आंबट झालं.

२. आम्ही तेल घेताना आयोडीन व्हॅल्यू बघतो. जितकी जास्त तितके दुहेरी बंध जास्त. जवसाची १७० च्या पुढे, सरकीची १०० ते ११५ च्या घरात, शेंगदाण्याची ८५ ते १००, एरंडाची ८२ ते ९०. वंगणाला कमीवालं घ्यावं, इतकं मला कळतं.

आणि भो, तिसरी गोष्ट कोणीच सांगत नाही: उंदीर आणि मुंग्या. शेंगदाणा तेल लावलेल्या पट्ट्यावर उंदरांनी रात्रीत काय केलं होतं ते मी पाहिलंय.

मास्तर_अमळनेर

बैलोबा, आयोडीन व्हॅल्यूवर आंधळा विश्वास नको. शेंगदाणा आणि एरंड आकड्याने शेजारी दिसतात, पण शेंगदाण्यात लिनोलिकचा वाटा मोठा आहे. एरंडेलात ८५ ते ९० टक्के एकच स्निग्धाम्ल, रिसिनोलिक. त्यात दुहेरी बंध एकच, आणि साखळीवर एक जास्तीचा हायड्रॉक्सिल गट. तो गट शेजारच्या रेणूला धरून ठेवतो, म्हणून एरंडेल एवढं दाट. ४० अंशांना शेंगदाणा तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणाचं माप) ४० सेंटिस्टोकच्या आसपास, एरंडेलाची २५० च्या आसपास. धातूलाही ते घट्ट चिकटतं.

उणी बाजूही सांगतो. गरम झाल्यावर तेल दाटपणा किती टिकवतं त्याचं माप म्हणजे व्हिस्कॉसिटी इंडेक्स, जास्त तितका चांगला. साध्या खनिज ऑइलचा ९५ ते १००, बहुतेक खाद्यतेलांचा २०० च्या आसपास. इथे वनस्पती तेलं खनिजाला सरळ हरवतात. एरंडेल मात्र अपवाद, ९० च्या आतबाहेर. शिवाय एरंडेल खनिज ऑइलमध्ये धड मिसळत नाही, थर वेगळे होतात. तेव्हा जुनं ऑइल पूर्ण काढल्याशिवाय वरून एरंडेल ओतू नका.

आप्पा_एरंडोलकर

हाई तं आम्हले ठाऊक शे भो!

आमच्या लहानपणी वंगण म्हणजेच एरंडेल. गाडीचं चाक कुरकुरायला लागलं की वडील चाक सरकवायचे आणि आखाला वंगण भरायचे. एरंडेलात काजळी कालवलेली असायची, ती काळी राड बांबूच्या नळीत भरून नळी गाडीखाली टांगलेली. एक काडी आत बुडवायची आणि आखावर फिरवायची. आम्हा पोरांच्या कपड्यांना ते लागलं की आई बडवायची, कारण निघायचंच नाही.

आमच्या गावाच्या नावात एरंड आहे म्हणून वकिली करतोय असं समजू नका.

गॅरेजवाला_भुसावळ

ओसाड गावी एरंड बळी 😄

आप्पा, बैलगाडीचा वेग किती, जिनिंगच्या चेनचा किती!

(वंगणाचा दुसरा अर्थ कचेरीत चालतो, ते मात्र कुठल्याही तापमानाला टिकतं.)

मास्तर_अमळनेर

वेगाचं म्हणाल तर पहिल्या महायुद्धातल्या विमानांत एरंडेलच होतं. तेव्हाच्या फिरत्या इंजिनांमध्ये तेल एकदा आत गेलं की जळून बाहेर फेकलं जायचं, परत येत नव्हतं. पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही म्हणून एरंडेल निवडलेलं. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर, म्हणजे एरंडेलावरूनच आलं. आणि गॅरेजवाले, तुमच्या दुकानात आत्ता जो लिथियम ग्रीसचा डबा आहे ना, त्यात तेलाला धरून ठेवणारा जो साबण असतो, तो बहुतेक वेळा एरंडेलापासूनच होतो. एरंडेलात हायड्रोजन घालून निघणारं १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड आणि लिथियम. तेव्हा एरंड बळी आहेच, फक्त ओसाड गावी नाही.

विमानाच्या उदाहरणातली खुबी लक्षात घ्या. तेल आत राहातच नव्हतं, त्यामुळे त्याला डिंक व्हायला वेळच मिळत नव्हता. जिथे वंगण एकदा लागतं आणि सांडून जातं तिथे वनस्पती तेल शोभतं. करवतीची चेन, उघडे गिअर, साचे. जिथे तेच तेल महिनोन्‌महिने गरम फिरत राहतं, म्हणजे इंजिन किंवा हायड्रॉलिक, तिथे कच्चं तेल घालणं हा खुळेपणा. भुसावळच्या सोयाबीनवाल्याचं तेच झालं.

सातपुड्याची_लेक

धडगावकडून लिहितेय. आमच्या बचत गटाच्या बाया मोहाच्या बिया गोळा करून तेल काढून आणतात. खाऊन उरलेलं वंगणाला विकता येईल का? करंजही भरपूर आहे इकडे.

मास्तर_अमळनेर

ताई, मोहाचं तेल वाळण्याच्या बाबतीत सरकीपेक्षा पुष्कळ बरं, कारण त्यात संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली स्निग्धाम्लं भरपूर. पण त्यामुळेच ते थंडीत लोण्यासारखं घट्ट होतं. युरोपवाले वनस्पती वंगणाच्या थिजण्याला घाबरतात. जळगावात मी त्याची फिकीर करत नाही, इथे उष्णतेचीच भीती. पण तोरणमाळच्या डिसेंबरात मोहाचं तेल डब्यातून बाहेर येणार नाही.

करंज मध्ये बसतं. निम्म्याच्या आसपास ओलिक, चव कडू, त्यामुळे उंदीर फिरकत नाहीत आणि खाण्याच्या तेलाशी भांडणही नाही. अडचण एकच, साठवलेल्या बियांचं तेल फार आंबट निघतं. बिया ताज्या आणि कोरड्या असताना गाळप करा आणि विकण्याआधी ॲसिड व्हॅल्यू काढून घ्या.

घाण्याचा_बैल

ताई, मोहाचं तेल वंगणाला विकू नका, साबणवाल्याला विचारा आधी. भाव तिथे जास्त मिळेल.

विमा_सर्व्हेयर

सगळी चर्चा वाचली. एक गोष्ट कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

गिरणाकाठ, चेन पुसलेल्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट कुठे टाकलं?

वाळणारं तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता सोडतं. पत्र्यावर पातळ थर असेल तर ती हवेत निघून जाते. पण तेच तेल कापसाच्या बोळ्यात भिजलं आणि बोळे कोपऱ्यात ढीग करून ठेवले, तर उष्णता आतल्या आत साचते. कापूस म्हणजे रजईच. काही तासांत आतून धूर निघतो, काडी लावायला कोणी लागत नाही. जवसाचं तेल ह्यासाठी कुप्रसिद्ध आहे, सरकीचं तेलही त्याच पंगतीतलं. खनिज ऑइलच्या बोळ्यांना ही खोड नाही, त्यामुळे जिनिंगमधल्या माणसांना सवय नसते.

बोळे झाकणाच्या लोखंडी पिंपात, पाण्यात बुडवून ठेवा, रोज संध्याकाळी आवाराबाहेर काढा. रुईच्या गंजीजवळ एकही नको. एरंडेल न वाळणाऱ्या तेलांत मोडतं, तिथे भीती बरीच कमी. पण पिंपाची शिस्त मोडू नका.

गिरणाकाठ

बाप रे. बोळे मशिनमागच्या कोपऱ्यातच होते, रुईपासून पंधरा फुटांवर. आत्ता रात्री साडेनऊला फोन करून वॉचमनकडून ओले करून घेतले. त्याने हात घातला तर आतले कोमट होते म्हणाला.

सर्व्हेयर साहेब, आभार कसे मानू कळत नाही.

सेंट्रिंगवाला

माझा धंदा सेंट्रिंगचा. आम्ही प्लेटांना गॅरेजचं काळं ऑइल फासतो, सगळेच फासतात. स्लॅबला डाग पडतात, प्लास्टर धरत नाही, पोरांच्या हाताला पुरळ. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते काळं ऑइल परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं असतं हे मला परवा कळलं. तिथे वनस्पती तेल चालेल का?

मास्तर_अमळनेर

चालेल, आणि गंमत बघा, तिथे आंबट तेल हवंच! मोकळं स्निग्धाम्ल सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून साबणाचा पातळ थर करतं, आणि प्लेट त्या थरावरून सुटते. गिरणाकाठचे बुश ज्याने खाल्ले तेच इथे कामाला येतं. फक्त कापडाने पुसून घेतल्यासारखा पातळ हात द्या. जास्त झालं तर काँक्रीटचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, हात फिरवला की पांढरी पूड येते.

घाण्याचा_बैल

माझ्याकडे सोपस्टॉकपासूनचं ॲसिड ऑइल पडून असतं. सेंट्रिंगवाले, एक कॅन घेऊन जा, आवडलं तर पैशाचं बोलू.

गॅरेजवाला_भुसावळ

मानलं मास्तर. पण मग बाजारात जी महागडी बायो ऑइलं असतात, हायड्रॉलिकची वगैरे, त्यांचं डिंक का होत नाही?

मास्तर_अमळनेर

कारण ती नुसती गाळलेली तेलं नसतात, रेणू बदललेला असतो. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला तीन स्निग्धाम्लांच्या शेपट्या. ग्लिसरीनचा मधला कार्बन उष्णतेत दगा देतो. म्हणून तेलाचं आधी बायोडिझेल करायचं, मग त्या शेपट्या ग्लिसरीनऐवजी ट्रायमेथिलॉलप्रोपेन नावाच्या अल्कोहोलवर बसवायच्या. कमकुवत सांधाच गेला. दुसरी वाट एपॉक्सिडेशनची, दुहेरी बंधावर ऑक्सिजनची कडी आधीच बसवून टाकायची. हायड्रोजन पेरॉक्साइडने करतात. क्रिया इतकी तापते की सांभाळली नाही तर भांडं फुटेल, घरी अजिबात करू नये. एपॉक्सी सोया तेल पीव्हीसीवाल्यांना मऊपणासाठी लागतं, ते तयार विकत मिळतं.

तिसरी वाट शेतातली. गिरनार-४ आणि गिरनार-५ ह्या भुईमुगाच्या वाणांत ओलिक ८० टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या जुन्या जेएल-२४ मध्ये, म्हणजे फुले प्रगतीमध्ये (त्यातलं जेएल म्हणजे जळगाव बरं का), ते पन्नाशीच्या आत. कारखान्यातलं निम्मं काम बियाण्यानेच केलं.

आणि ‘बायो’ शब्दाला भुलू नका. युरोपच्या मानकात २५ टक्के जैविक कार्बन असला तरी त्या अंगाने बायो-ल्युब्रिकंट म्हणता येतं. आपल्याला बघायचं ते विघटन. नेहमीच्या चाचणीत २८ दिवसांत ६० टक्के तेल जिवाणूंनी संपवलं पाहिजे. तेही कोऱ्या तेलाचं. वापरून लोखंडाचा चुरा मिसळलेलं तेल नाल्यात ओतायची परवानगी त्यातून मिळत नाही.

गिरणाकाठ

होळी झाली, सीझन संपत आला, म्हणून हिशोब देतोय.

संक्रांतीनंतर चेन डिझेलने धुऊन कोरडी केली आणि नुसतं एरंडेल लावलं. डिंक झाला नाही, पण दुसरीच पीडा. एवढं दाट की उडणारं रुईचं तूस त्यावर बसत गेलं, आणि पाच दिवसांत चेनला लोकरीचा पायजमा! परत उतरवली.

मग मास्तरांना व्यक्तिगत निरोप केला. त्यांनी सांगितलं, एरंडेल आणि शेंगदाणा निम्मं-निम्मं केलं तर व्हिस्कॉसिटी १०० च्या आसपास येईल, चेनला पुरे. तसं केलं. शिवाय धार बंद. दोन इंची ब्रश घेतला, चालू चेनला हात लावायचा नाही, सकाळी मशिन सुरू व्हायच्या आधी कड्यांच्या आतल्या बाजूने फिरवायचा. दर शनिवारी पुसून नवं. पुसलेले बोळे पिंपात, पिंपावर लाल रंगाने ‘पाणी’ लिहिलंय.

सहा आठवडे झाले. कडांना थोडा पिवळसर चिकटा दिसतो, पण चेन उतरवून धरली की सरळ लोंबते. पितळी बुश काढून त्या जागी सीलबंद बेअरिंग घातले, तो वादच मिटवला. महिन्याला जेवढं ऑइल ओतायचो त्याच्या पाव भागही तेल लागत नाही. म्हणून एरंडेल महाग असूनही मालक गप्प आहेत. खरं सांगायचं तर ह्यातला मोठा वाटा तेलाचा नाही, ब्रशचा आहे. जुन्या ऑइललाही ब्रश लावला असता तर सरकीवर कमीच पडलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

उंदीर मात्र येतात. शेंगदाण्याऐवजी करंज घालून बघायचंय. सातपुड्याच्या ताई, पाच लिटर ताज्या बियांचं पाठवाल का? ॲसिड व्हॅल्यू बैलोबांकडे काढून घेतो.

सातपुड्याची_लेक

पाठवते. पण करंजाच्या शेंगा एप्रिलपासून हाती येतील, मग गाळप. तोवर तुमचा सीझन संपलेला असेल.

गिरणाकाठ

चालेल ताई, पुढच्या दिवाळीला लागणार आहे. डब्यावर गाळपाची तारीख तेवढी घाला.

आप्पा_एरंडोलकर

त्या तेलात काजळी का नाही घातली? वंगणाची नळी आमच्या माळ्यावर आहे अजून. आत वाळलेला काळा थर आहे, नखाने निघतो का ते येऊन बघ.